हट्टी बोल्टाची कुळकथा

यंत्रयुगाचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे वाफेचें एंजिन, आगगाडी, मोटार, विमान अशीं मोठमोठीं नांवें प्रथम ओठांवर येतात. परंतु हीं सर्व यंत्रें ज्या एका क्षुद्र वस्तूनें एकत्र बांधून ठेविलीं आहेत, त्या बोल्टाचें नांव सहसा कोणी काढीत नाहीं. त्याची आठवण होते ती तो निघेनासा झाला म्हणजे. मोटारीचें एंजिन दुरुस्तीसाठीं उघडावयाचें असतें. पंधरा बोल्ट निमूटपणें निघतात आणि सोळावा हटून बसतो. पाना लावून जोर करावा, तों पाना सटकतो आणि बोल्टाच्या डोक्याचे सहा कोपरे झिजून तें गोल गरगरीत होतें. कधीं डोकें तुटून हातांत येतें आणि दांडा आंतच राहतो. कधीं आंटे मरतात आणि बोल्ट जागच्या जागीं नुसता फिरत राहतो. चार आण्यांच्या वस्तूनें हजारों रुपयांचें यंत्र ओलीस धरलें, असा हा प्रकार असतो. मिस्त्री अशा वेळीं नशिबाला बोल लावतो. पण हा दोष केवळ नशिबाचा नव्हे. त्याच्यामागें दोनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास माणसांनीं एकमेकांशीं जुळवून घेण्याचा, व पुष्कळदां न घेण्याचा, आहे.

प्रथम बोल्टाचें काम कसें चालतें तें पाहिलें पाहिजे. सामान्य समजूत अशी कीं, बोल्ट म्हणजे फिरवून बसविलेला खिळा. वस्तुतः त्याचें काम स्प्रिंगेसारखें आहे. मळसूत्र म्हणजे दांड्याभोंवतीं गुंडाळलेला एक चढ. नट त्या चढावर चढूं लागला म्हणजे दांडा किंचित् ताणला जातो. आणि तो ताणलेला दांडा पूर्वस्थितीवर येऊं पाहतो, म्हणून यंत्राचे दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. सिलिंडरांतील भडका बाहेर फुटत नाहीं, तो ह्या अदृश्य ताणामुळेंच. पाना फिरविणाराच्या जोरापैकीं सुमारें एकदशांशच हा ताण उत्पन्न करण्यांत खर्च होतो. बाकीचा नऊदशांश जोर आंट्यांमधील आणि डोक्याखालील घर्षणांत जिरतो. हें घर्षण आहे म्हणूनच एंजिन हादरत असतांहि बोल्ट सैल होत नाहीं. म्हणजे जो गुण त्याला विश्वासू बनवितो, तोच पुढें त्याला हट्टी बनवितो. त्यांत गंजाची भर पडली कीं काम आणखी बिकट होतें. कारण लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि आंट्यांच्या अरुंद फटींत ठोकलेल्या पाचरीप्रमाणें बसतो.

मळसूत्राची कल्पना प्राचीन आहे. पाणी उपसण्याच्या मळसूत्राशीं ग्रीक गणिती आर्किमिडीज याचें नांव जोडलेलें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हेरोनानें मळसूत्री दाबयंत्रांचें आणि नटाच्या आंतील आंटे पाडण्याच्या युक्तीचें वर्णन करून ठेविलें. द्राक्षें व ऑलिव्ह पिळण्याच्या ह्याच यंत्राची परंपरा पुढें सुमारें १४५० सालीं गुटेनबर्गच्या छापखान्यांत उपयोगी पडली. दोन धातूंचे भाग जोडण्यासाठीं स्क्रूचा उपयोग मात्र युरोपांत साधारणपणें पंधराव्या शतकापासून, चिलखतें, बंदुका आणि घड्याळें यांत दिसूं लागतो. तोपर्यंत प्रत्येक स्क्रू कानशीनें घासून हातानें घडवीत. त्यामुळें तो महाग, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, एकटा असे.

एकटा याचा अर्थ असा कीं, एका बोल्टाला जो नट केलेला असे तोच चाले. शेजारच्या बोल्टावर तो चढत नसे. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत कारखान्यांत बोल्ट आणि नट यांच्यावर जोडीची खूण करून ठेवीत, आणि यंत्र उघडतांना जोड्या मिसळूं नयेत म्हणून फार जपावें लागे. एखादा बोल्ट हरवला तर बाजारांत दुसरा मिळण्याची सोय नव्हती. लोहाराला तो मूळ नटाच्या मापानें नवा घडवावा लागे.

ही स्थिति पालटण्यास ज्याचे हात प्रामुख्यानें कारणीभूत झाले, तो हेन्री मॉड्स्ले लंडनजवळच्या वुलिच येथें १७७१ सालीं जन्मला. जोसेफ ब्रॅमा ह्या प्रसिद्ध कुलूपकाराच्या कारखान्यांत तो मुख्य कारागीर झाला. आठवड्याला तीस शिलिंग हें वेतन संसाराला पुरेना, म्हणून त्यानें वाढ मागितली. ब्रॅमानें ती नाकारली, आणि मॉड्स्लेनें १७९७ सालीं स्वतःचें दुकान काढलें. ह्याच सुमारास त्यानें स्क्रू कातण्याचा जो लेथ सिद्ध केला, त्यांत हत्यार माणसाच्या हातांत नसून एका भक्कम सरकपट्टीवर पकडलेलें होतें, आणि तें एका अचूक मळसूत्राच्या साहाय्यानें पुढें सरकत असे. कारागिराचा हात कांपला तरी आंटा कांपत नसे. पूर्वींहि जेसी रॅम्सडेन याच्यासारख्या उपकरणकारांनीं असे प्रयत्न केले होते. परंतु कारखान्याच्या नित्य कामास उपयोगी पडेल असें भक्कम यंत्र मॉड्स्लेनें उभें केलें. एकाच मापाचे शेंकडों बोल्ट काढणें आतां शक्य झालें.

तरीहि एक अडचण उरली. मॉड्स्लेच्या कारखान्यांतले बोल्ट एकमेकांशीं जुळत. पण नदीपलीकडच्या कारखान्याशीं जुळत नसत. प्रत्येक कारखानदाराचें माप निराळें होतें, आणि कित्येकांना त्यांत अभिमान वाटे. कारण यंत्र विकत घेणाऱ्याला दुरुस्तीसाठीं पुन्हां त्यांच्याकडेच यावें लागे.

मॉड्स्लेच्या हाताखालीं काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यानें ही गांठ सोडविण्याचा मार्ग दाखविला. त्यानें इंग्लंडांतील निरनिराळ्या कारखान्यांतून स्क्रूंचे नमुने जमविले, त्यांचीं मापें घेतलीं आणि सरासरी काढली. १८४१ सालीं सिव्हिल एंजिनियरांच्या संस्थेपुढें निबंध वाचून त्यानें सर्वांसाठीं एकच पद्धत सुचविली. आंट्याच्या दोन बाजूंमधील कोन ५५ अंशांचा असावा, त्याचें शिखर व तळ गोलसर असावेत, आणि अमुक जाडीच्या बोल्टाला इंचामागें अमुक आंटे असावेत, असें त्यानें कोष्टकानें ठरवून दिलें. व्हिटवर्थचें शहाणपण असें कीं, त्यानें स्वतःचें एखादें नवें माप लोकांवर लादलें नाहीं. जें चाललें होतें त्याचीच मध्यमरेषा काढली. त्यामुळें प्रत्येकाला थोडें सोडावें लागलें, परंतु कोणालाच सर्वस्व सोडावें लागलें नाहीं. आगगाड्यांच्या कंपन्यांनीं ही पद्धत उचलली, आणि थोड्याच दशकांत ती ब्रिटिश कारखान्यांची सामान्य भाषा बनली. ब्रिटनहून जीं यंत्रें साम्राज्यांत पसरलीं, त्यांच्याबरोबर व्हिटवर्थचा आंटाहि गेला.

अमेरिकेनें मात्र निराळी वाट धरली. फिलाडेल्फियाचा यंत्रकार विल्यम सेलर्स यानें २१ एप्रिल १८६४ रोजीं तेथील फ्रँक्लिन संस्थेपुढें आपली योजना मांडली. त्याचें म्हणणें असें कीं, ५५ अंशांचा कोन पडताळून पाहण्यास कठीण, आणि गोलसर शिखर करण्यास तर कुशल कारागीर व अनेक हत्यारें लागतात. त्याऐवजीं ६० अंशांचा कोन घ्यावा, कारण तो समभुज त्रिकोणाचा असल्यामुळें कोणालाहि काढतां येतो. आणि शिखर सपाट ठेवावें. कुशल मजुरांची वाण असलेल्या त्या देशाला हें पटलें. १८६८ सालीं अमेरिकन नौदलानें व त्या सुमारास मोठ्या रेल्वेकंपन्यांनीं सेलर्सची पद्धत मान्य केली. युरोपखंडांत पुढें १८९८ सालीं झुरिच येथील परिषदेनें मीटरवर आधारलेली तिसरी पद्धत निश्चित केली. तिचाहि कोन ६० अंशांचाच होता.

अशा रीतीनें एका घरांत तीन भाषा नांदूं लागल्या. त्यांतील घोटाळा असा कीं, त्या एकमेकींपासून पूर्णपणें निराळ्याहि नव्हत्या. पाव इंची बोल्टाला व्हिटवर्थ आणि सेलर्स या दोघांनींहि इंचामागें २० आंटे दिले. परंतु अर्ध्या इंची बोल्टाला व्हिटवर्थनें १२, तर सेलर्सनें १३. म्हणजे ब्रिटिश नट अमेरिकन बोल्टावर एकदोन फेरे सुखानें चढतो, आणि मग अडकतो. आठ मिलिमीटरचा बोल्ट व इंचाच्या पांच-सोळांश मापाचा बोल्ट यांच्या जाडींत केसाएवढाच फरक आहे, पण आंट्यांच्या चालींत स्पष्ट फरक आहे. डोळ्याला जुळते वाटणारे हे परके बोल्ट घाईघाईनें पान्यानें रेटले कीं आंटे कापले जातात. आंटे मरण्याचीं जीं कारणें आहेत, त्यांत हें एक मोठें कारण होय.

मापें न जुळण्याची किंमत केवळ एखाद्या एंजिनापुरती राहत नाहीं, हें १९०४ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरानें पाहिलें. ७ फेब्रुवारीला तेथें व्यापारी पेठेंत आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया इत्यादि शहरांतून बंब आगगाडीनें धांवून आले. माणसें होतीं, बंब होते, पाणीहि होतें. परंतु बाहेरगांवच्या कित्येक बंबांच्या नळ्यांचे आंटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांवर बसेनात. आग सुमारें तीस तास धुमसत राहिली आणि १,५०० हून अधिक इमारती जळाल्या. नंतर चौकशी केली तेव्हां त्या देशांत बंबांच्या नळ्यांच्या जोडांचे ६०० हून अधिक प्रकार असल्याचें आढळून आलें. मळसूत्राचें माप ही कारखानदारांची खासगी बाब नसून ती लोकांच्या जिविताची बाब आहे, हा धडा त्या राखेंतून मिळाला.

आंट्यांप्रमाणें बोल्टाच्या डोक्यालाहि इतिहास आहे, आणि गोल झालेल्या बोल्टाचें मूळ तेथें सांपडतें. जुनीं डोकीं बहुधा चौकोनी असत. चार बाजूंवर पाना घट्ट बसतो; परंतु अडचणीच्या जागीं पाना पुन्हां पुन्हां काढून लावण्यास चौकोनाला पाव फेरा मोकळी जागा लागते. षट्कोनाला एकषष्ठांश फेरा पुरतो. मोटारीच्या दाट यंत्ररचनेंत म्हणूनच षट्कोनाचा जय झाला. पण त्याची किंमत द्यावी लागली. कोपरे जितके अधिक, तितके ते बोथट. आणि बोथट कोपरा लवकर झिजतो.

पान्यानेंहि ह्या झिजेला हातभार लावला. स्वीडनमध्यें योहान पेटर योहान्सन यानें १८९० च्या सुमारास मागेंपुढें सरकणाऱ्या जबड्याचा पाना प्रचारांत आणला. एकाच पान्यानें सर्व बोल्ट फिरवितां येतात, ही मोठीच सोय झाली. परंतु असा पाना जोर लावतांच किंचित् उघडतो आणि सपाट बाजूऐवजीं कोपऱ्यावर भार टाकतो. अनुभवी मिस्त्री म्हणून त्याला आणीबाणीचा सोबती मानतो, रोजचा चाकर मानीत नाहीं. बारा खांचांचा रिंग पाना अरुंद जागीं सोईचा. परंतु हट्टी बोल्टासाठीं सहा खांचांचाच पाना चांगला, कारण तो षट्कोनाला सर्व अंगांनीं कवटाळतो.

डोकें वर ठेवण्यांतहि धोका होता. जुन्या कारखान्यांत फिरत्या दांड्यांवर चौकोनी डोक्यांचे स्क्रू वर आलेले असत. त्यांत कामगाराचा सदरा अडकून भयंकर अपघात होत. १९१० सालीं हार्टफर्डच्या विल्यम अॅलन यानें डोक्यांतच षट्कोनी खळगी असलेल्या स्क्रूचें पेटंट घेतलें. आज कारागीर ज्या वांकड्या सळीला ‘एलन-की’ म्हणतात, तिचें नांव त्याचेंच. त्याच्या थोडें आधीं, १९०८ च्या सुमारास, कॅनडांत पीटर रॉबर्ट्सन यानें चौकोनी खळगीचा स्क्रू काढला होता. १९३६ सालीं हेन्री फिलिप्सच्या फुलीच्या खांचेचा स्क्रू कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्यांत शिरला. ही खांच उतरती असल्यामुळें यांत्रिक स्क्रूड्रायव्हर तींत आपोआप मध्यावर बसतो, आणि जोर अति झाला तर बाहेर सटकतो. कारखान्यांत भराभर स्क्रू बसविण्यास हा प्रकार उत्तम ठरला. पुढें दहा वर्षांनीं तोच गंजलेला स्क्रू काढतांना मात्र हेंच सटकणें खांचेचा चुरा करितें. जोडणाराची सोय आणि सोडविणाराची सोय ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बहुधा जोडणाराचेंच ऐकलें जातें.

मापांच्या ह्या कलहांतील सर्वांत विचित्र प्रकरण मॉरिस मोटारीचें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत हॉचकिस ही फ्रेंच कंपनी इंग्लंडांतील कॉव्हेन्ट्री येथें शस्त्रें तयार करीत होती. युद्ध संपल्यावर तिच्या यंत्रांना काम उरलें नाहीं, आणि विल्यम मॉरिसला एंजिनें हवीं होतीं. हॉचकिसनें त्याच्यासाठीं एंजिनें करावयास घेतलीं. १९२३ सालीं मॉरिसनें तो कारखानाच विकत घेतला. परंतु तेथील यंत्रें फ्रेंच होतीं, आणि तीं मीटरचे आंटे कातीत. ब्रिटिश मिस्त्र्यांजवळ तर व्हिटवर्थचेच पाने. तेव्हां मध्यम मार्ग असा काढला कीं, बोल्टाचे आंटे फ्रेंच ठेवावे आणि डोकें इंग्रजी करावें. ही परंपरा इतकी चिवट निघाली कीं, १९४५ ते १९४९ या काळांत झालेल्या एम्. जी. टी. सी. ह्या प्रसिद्ध गाडीच्या एंजिनांतहि ती होती, आणि त्या जातीचीं एंजिनें १९५५ पर्यंत निघत राहिलीं. व्हिटवर्थचा पाना त्या बोल्टावर अचूक बसतो. म्हणून मिस्त्री तो व्हिटवर्थचाच समजतो, हरवलेल्या बोल्टाच्या जागीं खरोखरीचा व्हिटवर्थ बोल्ट रेटतो, आणि सिलिंडरच्या ठोकळ्याचे आंटे कायमचे घालवून बसतो. डोक्यावरून कूळ ओळखूं नये, हा व्यवहाराचा नियम ह्या एंजिनानें यंत्रशाळेंतहि सिद्ध केला.

दुसऱ्या महायुद्धांत हा प्रश्न दोन मित्रराष्ट्रांमध्यें उभा राहिला. रोल्स-रॉइसचें मर्लिन हें विमानाचें एंजिन अमेरिकेंत करण्याचें काम १९४० सालीं पॅकार्ड कंपनीनें पत्करलें. तेथें तयार झालेलें एंजिन ब्रिटिश विमानांतहि बसलें पाहिजे, म्हणून पॅकार्डनें आपले आंटे बाजूस ठेवून ब्रिटिश आंटे कातण्याचीं हत्यारें मुद्दाम घडविलीं. परंतु सर्वत्र असें करणें शक्य नव्हतें. एकाच पलटणींत अमेरिकन ट्रक आणि ब्रिटिश गाड्या असत, आणि दोघांसाठीं निरनिराळे नट, बोल्ट व पाने समुद्रपार वाहून न्यावे लागत. युद्ध चालू असतांनाच दोन्ही देशांचे व कॅनडाचे तज्ज्ञ विचारविनिमयास बसले. १९४५ सालीं ओटावा येथें त्यांची परिषद झाली. आणि १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं वॉशिंग्टन येथें तिन्ही राष्ट्रांनीं एकरूप आंट्याच्या करारावर सह्या केल्या. कोन ६० अंशांचा, म्हणजे अमेरिकेचा. आंट्याचा तळ गोलसर, म्हणजे व्हिटवर्थच्या वळणाचा. गोलसर तळ ताण सोसण्यास अधिक चांगला असतो, हें अनुभवानें पटलेलें होतें. दोन राष्ट्रांनीं शतकभराचा अभिमान थोडाथोडा सोडला, तेव्हां एक बोल्ट दोन्ही नटांत बसूं लागला. १९४७ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाण-संघटनेनें आपल्या तांत्रिक समित्यांना क्रमांक दिले, त्यांत पहिल्या क्रमांकाची समिति मळसूत्रांच्या आंट्यांची आहे, हेंहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुढें १९६५ सालीं ब्रिटिश प्रमाण-संस्थेनेंच व्हिटवर्थचा आंटा कालबाह्य मानावा व मीटरचा आंटा प्रथम निवडावा, असें जाहीर केलें.

ह्या सर्व प्रवाहांचा संगम पहावयाचा असेल तर मुंबईकडे वळावें. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें ही आगगाडी सुरू झाली ती ब्रिटिश एंजिनांवर. तेव्हांपासून येथल्या यंत्रशाळांना इंग्रजी मापाची संवय जडली. १९४७ सालापासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांतून अमेरिकन क्रायस्लर घराण्यांतील डॉज, प्लिमथ व डी सोटो ह्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. १९५० च्या दशकांत त्याच कारखान्यांतून इटालियन फियाट निघाली, ती मीटरचे बोल्ट घेऊन. बंगालच्या बाजूनें मॉरिसच्या वंशांतील हिंदुस्थान गाड्या आल्या. अशा रीतीनें ऑपेरा हाउसजवळचा किंवा लालबागचा एकच मिस्त्री सकाळीं अमेरिकन, दुपारीं इटालियन आणि सायंकाळीं इंग्रजी बोल्टांशीं झुंजूं लागला. सरकारनें १९५६ सालीं वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धत स्वीकारली. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचे बोल्ट कायद्यानें बदलत नाहींत. अर्ध्या इंचाच्या डोक्यावर तेरा मिलिमीटरचा पाना चालतो असें वाटतें. खरें पाहतां अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. राहिलेली तीन-दशांश मिलिमीटरची फट सैल बोल्टाला चालते. घट्ट बोल्टाचे कोपरे मात्र तींतूनच गोल होतात. क्रायस्लरच्या गाड्यांत आणखी एक फसगत होती. त्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट १९७० च्या सुमारापर्यंत उलट्या आंट्यांचे असत. हें ठाऊक नसलेला मनुष्य ‘सोडतों’ म्हणून तो नट अधिकच आंवळी, आणि शेवटीं स्टड तोडी. सायकलचें डावें पॅडल ज्यानें सोडविलें आहे, त्याला ह्यांतलें इंगित लगेच कळेल.

समुद्रकांठच्या हवेनें ह्यांत आपली भर घातली. लोखंडी बोल्ट अॅल्युमिनमच्या ठोकळ्यांत बसविलेला असला आणि खारट दमट हवा त्या सांध्यांत शिरली, म्हणजे दोन भिन्न धातूंमध्यें बारीकसा विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि अॅल्युमिनम कुजूं लागतें. त्याची पांढरी भुकटी आंट्यांत चुन्यासारखी घट्ट बसते.

अशा बोल्टाला वश करण्याची एक विद्या कारागिरांनीं पिढ्यानपिढ्या जमविली आहे, आणि ती पुस्तकांत कमी व हातांत अधिक आहे. तिचा पहिला नियम असा कीं, प्रथम जोर करूं नये. आधीं घासून स्वच्छ करावें, मग तेल घालावें, आणि वाट पहावी. पातळ तेल बारीक फटींत आपोआप ओढलें जातें. परंतु त्याला तास, कधीं रात्रभर, अवधि द्यावा लागतो. पूर्वीं हें काम रॉकेलवर भागे. पुढें खास तेलें निघालीं. आज घरोघरीं परिचित असलेलें डब्ल्यू-डी चाळीस हें द्रव्य १९५३ सालीं अमेरिकेंत मूळ धातूवरील पाणी हटवून गंज टाळण्यासाठीं केलेलें होतें.

दुसरा नियम हातोड्याचा. बोल्टाच्या डोक्यावर सरळ, नेमके ठोके मारले म्हणजे गंजाची पकड तडकते. त्यानंतर सहा खांचांचा, नेमक्या मापाचा पाना लावून बोल्ट आधीं किंचित् आंवळण्याच्या बाजूस हालवावा, मग सोडण्याच्या बाजूस. असें मागेंपुढें करीत त्याला बाहेर आणावें. एका दमांत ओढणाऱ्याच्या हातीं डोकें येतें, आणि हालवीत राहणाऱ्याच्या हातीं बोल्ट येतो.

तिसरा नियम उष्णतेचा. अॅल्युमिनम पोलादापेक्षां जवळजवळ दुपटीनें प्रसरण पावतें. म्हणून ठोकळा बोल्टाभोंवतीं तापविला तर भोंक बोल्टाहून अधिक फुगतें आणि पकड सैल होते. परंतु पेट्रोलची नळी, टांकी किंवा नुकतेंच घातलेलें तेल जवळ असतां ज्योत पेटविणें म्हणजे बोल्टासाठीं घर जाळणें होय. तीं सर्व दूर केल्यावांचून हा उपाय करूं नये.

डोकें गोल झालेंच असेल तर कानशीनें त्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून लहान पाना बसवितात. किंवा धारदार छिन्नी कडेवर तिरपी धरून डोकें ठोक्याठोक्यानें फिरवितात. बाहेरचा नट असेल तर तो छिन्नीनें चिरून टाकणें सर्वांत स्वस्त. बोल्ट वांचतो आणि नट चार पैशांचा असतो. डोकें तुटून दांडा उरला असेल तर त्याच्यावर नवा नट वेल्डिंगनें जोडतात. ह्या उपायांत दुहेरी लाभ आहे. धरावयास डोकें मिळतें, आणि वेल्डिंगची उष्णता गंजाची पकडहि मोडते.

दांडा भोंकाच्या आंतच तुटला असेल, तर खरी परीक्षा. अचूक मध्यावर खूण करून उलट्या दिशेनें कापणारें ड्रिल चालवितात. पुष्कळदां त्या ओढीनेंच दांडा बाहेर येतो. न आला तर उलट्या आंट्यांची निमुळती सळी त्या भोंकांत बसवून फिरवितात. येथें घाई केली तर ती कठीण पोलादाची सळीच आंत तुटते. ती ड्रिलपेक्षांहि कठीण असल्यामुळें मग साधें ड्रिल तिच्यापुढें चालत नाहीं. शेवटचा उपाय म्हणजे सर्व दांडा पोखरून काढणें, भोंकाला मोठे आंटे पाडणें, आणि त्यांत पोलादी तारेची गुंडाळी बसवून मूळ मापाचे आंटे परत आणणें. मऊ धातूंत मेलेले आंटे ह्या गुंडाळीनें पुन्हां जिवंत होतात, आणि पुष्कळदां मूळ आंट्यांपेक्षां अधिक बळकट ठरतात.

ह्या उपायांचा क्रम पाहिला तर त्यांत एक नीति दिसते. जो उपाय सर्वांत कमी नाश करितो तो प्रथम, आणि ज्यानंतर मागें फिरतां येत नाहीं तो शेवटीं. नवशिका बहुधा हा क्रम उलटा करितो. त्याच्या हातीं बळ असतें, म्हणून तो बळापासून आरंभ करितो. आणि जो बोल्ट एका रात्रीच्या तेलानें निघाला असता, त्याच्यापायीं तो अख्खा ठोकळा गमावतो.

मॉड्स्लेच्या पूर्वीं प्रत्येक बोल्टाला एकच नट होता. आज जगाच्या एका टोकाला कातलेला बोल्ट दुसऱ्या टोकाच्या नटांत बसतो, आणि त्यामागें कोणत्याहि एका देशाची आज्ञा नाहीं. आहे तो शंभर वर्षांच्या वादावादीनंतर झालेला समजुतीचा करार. त्या करारापूर्वीं केलेलीं यंत्रें अजून वापरांत आहेत, तोंवर जुन्या भाषाहि मधून मधून कानीं पडणारच. तेव्हां कोणताहि जुना बोल्ट सोडावयाचा असेल तर पाना उचलण्यापूर्वीं त्याचें माप घ्यावें, आंटा मोजावा, त्याचें कूळ ओळखावें. नवा बोल्ट बसवितांना तो पहिले चार फेरे बोटांनींच फिरवावा. बोटांनीं फिरला नाहीं तर तो त्या भोंकाचा नव्हे असें समजावें. आणि आंट्यांना थोडें ग्रीस लावावें, मात्र मग तितक्याच जोरानें बोल्ट अधिक ताणला जातो हें ध्यानांत ठेवून हात आंवरावा. दहा वर्षांनीं तो बोल्ट जो कोणी सोडील, तो बसविणाराला ओळखणार नाहीं. पण त्याचे आशीर्वाद मात्र त्यालाच पोंचतील.